हात वर केला तो कशासाठी

४ सप्टेंबर

प्रिय खटपट्या,

रविवारी संध्याकाळी आपण दोघं बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करायला बसायचो, ते आज अचानक आठवलं. माझे शाळेत शिकवायला जायचे काळे, तुझे शिकायला जायचे काळे. तू ब्रश उलटा धरायचास आणि पॉलिश बुटापेक्षा कोपराला जास्त लागायचं. एकदा म्हणालास, "आई, मी मोठा झालो ना, की बूट आपले आपण चकाकतील." मी म्हटलं, "मग रविवारी मी काय करायचं रे?" तू फार गंभीरपणे विचार केलास आणि म्हणालास, "तू नुसती बस. तुला कोणी बसूच देत नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळ्या स्टाफरूमला सांगितलं होतं.

पत्राला तसं काही कारण नाही. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का, औषध घेतलंस का" यापुढे सरकत नाही, आणि हल्ली तेही सूनबाईच विचारते. तू मागे कुठेतरी असतोस. तुझा खोकला मला ऐकू येतो, पण तू फोन हातात घेत नाहीस.

इथे सगळं ठीक आहे. तू बनवलेली बिनचालकाची बस अजून बंदच आहे. थांब्यावरचं काचेचं छप्पर मात्र रोज कोणीतरी पुसतं. परवा एक आजीबाई आत बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, बस येत नाही आता." तर म्हणाल्या, "माहीत आहे. पण टेकडी चढायच्या आधी बसायला बरं पडतं." खालच्या मजल्यावरची मेट्रन गुडघ्यामुळे बाजारात उतरतच नाही. इस्पितळातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चालावं कसं ते शिकवते.

एक लिहायचं होतं. वसंतात, त्या अपघातानंतर, फोनवर मी तुला म्हटलं, "आईपेक्षा तुला त्या डब्यावर जास्त विश्वास?" ते जरा लागेल असं बोलले. पण तूही तसं विचारायला नको होतंस. "आई, दिवा नक्की लागला होता ना?" असं कोणी आईला विचारतं? बसच्या कपाळावरचा चालत्या माणसाचा दिवा लागला, की त्याचा अर्थ "तुम्ही जा, मी थांबते", हे तूच मला शिकवलंस. दिवा लागला, मी रस्त्यात उतरले, तरी बस पुढे आली आणि मग कचकन थांबली. आत कोपऱ्यावरच्या दुकानातले चष्मेवाले उभे होते, ते पडले. चौकशीत मी हेच सांगितलं. बसच्या नोंदीत दिवा बंद होता म्हणे. बसला सगळं जग दिसतं, स्वतःचं कपाळ दिसत नाही, असं चौकशीच्या बाईच म्हणाल्या. मी नाही.

जेवण वेळेवर घेत जा.

आई


१९ सप्टेंबर

प्रिय खटपट्या,

आधीचं पत्र अजून टेबलावरच आहे. तिकिटं संपली होती. नंतर आणली, तरी ते टेबलावरच राहिलं.

माझ्या चष्म्याची काडी सैल झाली होती. मेट्रन म्हणाली, "जा की कोपऱ्यावर, एवढी वर्षं तिथेच जातेस." दुसऱ्या दुकानात गेले असते तर तिनं कारण विचारलं असतं, म्हणून गेले.

काउंटरमागे चष्मेवाल्यांची मुलगी होती. ते स्वतः स्टुलावर बसले होते. उजवा हात काउंटरवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. हाड जुळलं, पण बोटांना बारका स्क्रू धरता येत नाही. मुलगी काम करते आणि ते तिच्याकडे बघत राहतात. तिचा स्क्रू घसरला की त्यांचीच बोटं हलतात.

"बाई, तुम्ही वाचलात हे काय कमी झालं?" मला बघून ते म्हणाले. "आणि चूक माझीच हो. थांबा यायच्या आधीच उठून उभा राहिलो. बस सांगत होती, बसून राहा, बसून राहा. पण आपली सवय."

"बाबा, तुम्ही गप्प बसा बरं," मुलगी म्हणाली. "बाईंनी स्पष्ट सांगितलंय ना, दिवा लागला होता. मग? दोष त्या यंत्राचाच."

"अगं, पण वाईट नव्हती ती. आपली अर्धी गिऱ्हाइकं चाचपडत चालणारी. बस होती तेव्हा एकटी यायची, तोऱ्यात. ती पलीकडच्या गल्लीतली, अधू नजरेची टेलिफोनवाली मुलगी आठवते? काठी आपटत यायची आणि म्हणायची, आज कुणाची मनधरणी न करता आले, एक गोळी द्या तोंडात टाकायला. आता भाऊ मोकळा असेल तेव्हा येते. भाऊ कुठला मोकळा असतोय?"

मुलीनं चष्मा पुसून माझ्या नाकावर बसवला आणि विचारलं, "नीट दिसतंय?" मी म्हटलं, "हो." इतकं नीट मला बघायचं नव्हतं.

हे तुला कळवावंसं वाटलं, एवढंच. बाकी त्या दिवसाबद्दल मी जे सांगितलंय त्यात बदल नाही.

आई


५ ऑक्टोबर

प्रिय खटपट्या,

काल शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थिनी मंडळाची सभा होती. विषय होता "माणसाचा शब्द". मला बोलावलं होतं. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

नवी बूटजोडी घातली. लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर सुपीरियरनी शिकवलं तशी पाठ सरळ ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "यंत्र नोंद ठेवतं. साक्ष मात्र माणूसच देऊ शकतो, कारण खोटं बोलण्याची मोकळीक असूनही तो खरं बोलतो." टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. ज्या मुलीला मी सहावीत बाकावर उभं केलं होतं ती आता कुठलीशी मोठी अधिकारी आहे. तिनं मला काचेचं मानचिन्ह दिलं. त्यावर माझं नाव आहे आणि खाली लिहिलंय, "जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा". ते घरी आणल्यापासून कपड्यांच्या कपाटात आहे.

मेट्रन पहिल्या रांगेत होती, गुडघा पुढे काढून. परत आल्यावर जिन्यात कठड्याला टेकून म्हणाली, "छान बोललीस हं."

"थँक्यू."

"मीही टाळ्या वाजवल्या. अगं, तुझ्या वर्गातल्या पोरी संध्याकाळी माझ्याकडे इस्पितळात पोट दुखतं म्हणून यायच्या. मी विचारायचे, काय खाल्लंस? तर म्हणायच्या, बाईंशी खोटं बोलले. तुझं पोट बरं आहे ना? गोळी देऊ?"

"काय बोलते आहेस तू?"

"मी कुठे काय बोलते? मी तर तेव्हा चष्मा पुसत होते. चौकशीतसुद्धा तसंच सांगितलंय. जन्मात एवढा वेळ चष्मा पुसला नव्हता बाई." आणि आपलं दार लावून घेतलं.

तिचं तू मनावर घेऊ नकोस. ती आहेच तशी, बोलणं इंजेक्शनसारखं. ती त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती हे खरं. माझा हात वर होता, तोही बसच्या कॅमेऱ्यातल्या चित्रात दिसतो, हेही खरं. तो आभार मानायला होता. वाट दिली की आपण हात वर करतोच. उलट न करणं उद्धटपणाचं. मी नेहमीच करते, त्या दिवशीही तसाच

सिस्टर सुपीरियर म्हणायच्या, जी मुलगी न विचारता खुलासा देते, तिचं दप्तर आधी उघडा.

आज इथेच थांबते.


१२ ऑक्टोबर

प्रिय खटपट्या,

सकाळी सूनबाईचा फोन आला होता. तू आंघोळीला गेला होतास. ती हळू आवाजात बोलत होती.

"आई, तुम्ही त्याच्याशी बोला ना. तो पुढच्या सोमवारी चौकशीला लिहून देतोय."

"काय लिहून देतोय?"

"की बसची नोंद खोटी, दिवा लागला होता, त्याची सगळी मांडणीच धोक्याची आहे आणि ती त्याची स्वतःची चूक. एकदा त्यानं सही केली की इथल्याच काय, कुठल्याच गावच्या बस परत सुरू होणार नाहीत."

"दोष सापडला का मग?"

"सापडला असता तर रडायचं कशाला, आई! सगळं उकलून झालं. दोषच नाही. त्याचे सोबती म्हणतात, नोंद बरोबर आहे, कदाचित तुझ्या आईलाच भास झाला असेल. तर असा भडकला! म्हणाला, माझी आई आयुष्यात एकदासुद्धा खोटं बोललेली नाही. यंत्र चुकत असेल, ती नाही."

माझ्या हातात तापलेल्या दुधाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"मग तो माझ्याशी का बोलत नाही?" मी विचारलं.

"कसा बोलेल? त्याला वाटतं, त्याच्या बसनं तुम्हाला चिरडलंच असतं. आईला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतो."

म्हणजे इतके महिने मी समजत होते की तू मला ओळखलंस. खोटं पकडलंस, रागावलास, दूर निघून गेलास. त्या रागाचा मला आधार होता रे. वाटायचं, निदान एकाला तरी खरं काय ते माहीत आहे. आणि तू तिकडे माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातानं उभं केलेलं मोडत बसला आहेस.

सूनबाईनं आणखी एक सांगितलं. तुम्ही तिकडे ज्या बस अजून चालवून बघता, त्यांनाही माझी साक्ष शिकवून ठेवली आहे म्हणे. आता रस्त्याच्या कडेला कोणी म्हातारी दिसली की त्या बावरतात, मधेच थबकतात, मागचे लोक भोंगे वाजवतात. दोन गावांनी नकोच म्हणून कळवलं.

तू पहिल्यांदा मला बसमध्ये बसवून फिरवलंस तेव्हा म्हणाला होतास, "आई, तुझ्या वर्गात चाळीस मुली तीच चूक चाळीस वेळा करतात. आमच्याकडे एका बसला एक गोष्ट कळली की त्याच दिवशी सगळ्यांना कळते. माणसांचं पुढे कसं होणार म्हणून तू काळजी करतेस ना? असं होणार. एकानं ठेच खायची, बाकीच्यांनी शहाणं व्हायचं." मी तेव्हा थट्टा केली होती, "मग बाईंची नोकरी गेली म्हणायची." आयुष्यभर मी शिकवलं. आणि सगळ्या बस एका दिवसात, एकही प्रश्न न विचारता जे शिकल्या, ते मी हे शिकवलं.

आता सांगते काय झालं ते.

मी आणि मेट्रन बाजारातून परत येत होतो. तुझी बस वळणावर दिसली. मेट्रन म्हणाली, "आला बघ तुझा बिनडोक्याचा नातू. एक दिवस कुणाला तरी घेणार हा अंगाखाली." मी म्हटलं, "माझ्या लेकानं केलेली बस आहे. ती माणसाच्या अंगावर जाणारच नाही." ती म्हणाली, "सगळ्या आया असंच म्हणतात. माझ्या वॉर्डात यायच्या ना मग."

मला राग आला. तुझा मान ठेवायचा राग. मी पिशवी तिच्या हातात दिली, फुटपाथवरून खाली उतरले आणि हात वर केला. मधल्या सुट्टीनंतर धावणाऱ्या मुलींना व्हरांड्यात थांबवायचे तसा. दिवा लागला नव्हता. मी दिव्याकडे बघितलंही नव्हतं. मी मागे वळून मेट्रनकडे बघत होते, ती बघते आहे ना म्हणून.

बस थांबली. मी हात लांब केला असता तरी काच हाताला लागली नसती, एवढं अंतर ठेवून थांबली. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला इतका आनंद झाला! मी म्हटलंसुद्धा, "बघितलंस?" मग आतून आवाज आला. जड वस्तू पडल्यासारखा, आणि मागून एक बारीक, लहान मुलासारखी हाक. ती चष्मेवाल्यांची होती.

लोक जमले. मी रस्त्यातच उभी. कोणीतरी मला खांद्याला धरलं आणि विचारलं, "बाई, दिवा लागला म्हणून उतरलात ना?" किती सोपं होतं ते. प्रश्नातच उत्तर घालून दिलेलं. वर्गात मी असा प्रश्न कधी विचारू दिला नाही. मी "हो" म्हणाले.

तेव्हा एकच शब्द होता. पुढे मी त्याला हात, पाय, कपडे सगळं दिलं. चौकशीच्या बाईंनी विचारलं, "दिवा लुकलुकत होता की स्थिर?" मी म्हटलं, "स्थिर." हात का वर केला? "आभार मानायला." त्या म्हणाल्या, "किती सभ्यपणा." त्यांनी ते लिहूनही घेतलं. आणि तू विचारलंस तेव्हा मी रुसले. खरं बोलणारी माणसं रुसत नाहीत, उत्तर देतात. तुला हे कळायला हवं होतं, पण मी तुझी आई.

तुझ्या कौतुकापायी केलं असं म्हणून मला सुटता येईल का, हे मी दिवसभर करून बघितलं. उतरले ते तुझ्या कौतुकापायी. पण खोटं बोलले ते माझ्यासाठी. एवढ्या मोठ्या बाईनं पोरकटपणा केला आणि एका माणसाचा हात गेला, हे लोकांना कळू नये म्हणून. आरशात बघून भांग पाडायलासुद्धा मला आज जड गेलं.


१५ ऑक्टोबर

प्रिय खटपट्या,

काल मेट्रनकडे गेले. दार उघडताच म्हणाली, "झालं का सांगून?"

"कुणाला?"

"कुणालाही. तोंड बघ की तुझं. ताप उतरलेल्या पेशंटचं असतं तसं आहे, घामट." मग मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. "मीही लबाडच. मला वाटलं, तू स्वतः होऊन सांगशील तोवर कळ काढू. म्हटलं, हिची मी एकटीच मैत्रीण. मी बोलले तर हिच्याकडे कोण राहील? आणि चिडवलं मीच होतं ना तुला."

"चिडवल्यावर रस्त्यात उतरायचं वय होतं का माझं?"

"नव्हतं," ती म्हणाली. लगेच म्हणाली, जराही न थांबता. मला बरं वाटलं.

तिथून चष्म्याच्या दुकानात. वाटलं होतं, तेही मेट्रनसारखंच काहीतरी म्हणतील. माणसाची हाव बघ. मी सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात काउंटरवरून उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच पडलो?"

मी मान डोलावली.

"मला वाटायचं, तुमच्या जिवावरचं माझ्या हातावर निभावलं," ते म्हणाले. "तेवढं समाधान होतं हो, बाई."

मुलगी काउंटरमागून बाहेर आली. मला वाटलं, ती मला काहीतरी बोलेल. तिनं फक्त दुकानाचं दार उघडून धरलं, मी बाहेर पडेपर्यंत.

आता ही सगळी पत्रं एकाच पाकिटात घालते आहे. पहिली तीन फाडणार होते. पण राहू देत. मी तुझ्याशी किती सफाईनं खोटं बोलते ते तुला दिसायला हवं. वळणदार अक्षर बघून फसू नकोस.

आज सकाळी चौकशीच्या बाईंकडे जाते आहे. खरं काय ते दोन पानांत लिहिलंय, ते त्यांना मी माझ्या हातानं देईन आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवीन. पुढे काय शिक्षा व्हायची ती माझी. तिच्यात तू वकिलासारखा मधे येऊ नकोस. मेट्रन तिची साक्ष स्वतः बदलणार आहे. तिला कोणी टाकून बोललं तर सांग, तिनं मैत्रिणीसाठी केलं आणि मैत्रीण त्या लायकीची नव्हती. मानचिन्ह मंडळाच्या सचिव मुलीकडे परत पाठवते, सोबत दोन ओळी, की भाषणातलं वाक्य खरं होतं, बोलणारी खोटी होती. ते मुलींना वाचून दाखवायचं की नाही, हे तिनं ठरवावं. मला विचारलं तर दाखवावं.

चष्मेवाल्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही. रोज सकाळी दुकान उघडताना जाऊन विचारणार आहे, काही बारीकसारीक काम आहे का. नाही म्हणाले तर परत येईन, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. बस सुरू झाली तर त्या टेलिफोनवाल्या मुलीला पहिल्या दिवशी तूच कळव. तुझा आवाज तिला खरा वाटेल.

नातीपासून हे पाकीट लपवून ठेवू नकोस. तिनं मागितलं की दे, वय बघू नकोस. आजी चुकली हे तिला घरात कळलेलं बरं.

आणि बसना हे दे. माझी साक्ष जिथे जिथे त्यांना शिकवली असेल तिथून ती काढ, आणि त्या जागी घाल की समोर एक बाई आली, दिवा बंद होता, आपण थांबलो, आपण बरोबर होतो. त्याच दिवशी सगळ्यांना कळेल म्हणतोस ना, कळू दे. तू म्हणतोस तसे दिवस येतील असं मला आता तुझ्यापेक्षाही जास्त वाटतं, आणि हे बोलायचा अधिकार सगळ्यात कमी मलाच आहे. माणसांना मात्र एका दिवसात कळत नाही. त्यांच्या एकेकाच्या दारात जावं लागेल. ते मी करते.

तुला तुझी नोंद परत. ती बरोबर होती. सोमवारी सही करू नकोस.

आई